पाठीवरच्या पट्ट्या

पावसाळ्यात आमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर गाजरगवत कमरेएवढं वाढतं. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मी ते उघड्या हातांनी उपटलं. चार दिवसांत पापण्या सुजल्या. मान आणि कोपरांच्या घड्या लाल होऊन खाजायला लागल्या. उन्हात गेलं की नुसती आग.

सासूबाईंनी झेंडूचा पाला वाटून दिला. "झाडपाल्याने नुकसान होत नाही हो." पण दोन दिवसांत पुरळ गळायला लागलं. मग शेजारच्या काकांनी बिनलेबलच्या डबीतलं 'जडीबुटीचं' मलम आणून दिलं. त्याने मात्र जादू केली, आणि बंद करताच सगळं दुपटीने उठलं.

त्वचेच्या डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो, "लावता काय काय?" सगळं पिशवीत भरून नेलं. डबी उघडून त्या म्हणाल्या, "इतक्या झटपट गुण आला म्हणजे यात स्टेरॉइड मिसळलेलं असणार." पुरळ पूर्ण बसेपर्यंत थांबून त्यांनी पॅच टेस्ट केली, म्हणजे त्वचेला कशाची ॲलर्जी आहे ते शोधणारी चाचणी.

पाठीवर ओळीने छोट्या धातूच्या वाट्या, प्रत्येकीत वेगळा पदार्थ, वरून चिकटपट्टी, कडेला पेनाने खुणा. 48 तास आंघोळ नाही, घाम नाही. ऑक्टोबर हीटमध्ये! दुसऱ्या रात्री दाराच्या चौकटीला पाठ घासावीशी वाटली. बायकोने हाताने वारा घालत मला जागं ठेवलं. पट्ट्या काढल्यावर दोन जागा लाल दिसल्या. चौथ्या दिवशी पुन्हा पाहिलं, तेव्हा गाजरगवताच्या खुणेवर बारीक फोड, आणि शेवंतीच्याही.

बाईंनी उलगडा केला. गाजरगवतात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं, आणि त्याच जातीची द्रव्यं शेवंतीतही सापडतात; झेंडूसकट ही सगळी सूर्यफुलाच्या कुळातली भावंडं. म्हणजे ज्याने पोळलो त्याच्याच भावाचा लेप मी लावत होतो! माकाही त्याच कुळातला, म्हणून वीस वर्षं डोक्याला चोपडलेलं माक्याचं तेलही तूर्तास बंद.

वनस्पतींना मी नावं ठेवत नाही. कफ पातळ करणारं ब्रोमहेक्झिन हे औषध अडुळशातल्या व्हॅसिसिनवरूनच तयार झालं. पण त्याच्या गोळीत किती मिलिग्रॅम औषध आहे ते ठाऊक असतं. पाट्यावरच्या लेपात काय आणि किती, हे सासूबाईंना कुठे माहीत, आणि मला तरी कुठे होतं?

यंदा दसऱ्याचं तोरण मुलाने बांधलं; मी लांबून सूचना दिल्या. सासूबाईंनी लगेच विचारलं, "बरं, मग कोरफड?" कोरफड त्या कुळातली नाही. तरी डॉक्टरबाई म्हणाल्या, आधी हाताच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून बघा. आज तिसरा दिवस आहे. सासूबाई रोज सकाळी चष्मा लावून माझा हात तपासतात.