आमची वाटचाल : तिसऱ्या पिनेचा धंदा

आमच्या कार्डावर ‘शाळांसाठी संगणक, प्रोजेक्टर, डिजिटल वर्ग’ असं छापलंय. खरं म्हणजे ‘अर्थिंग आणि बॅटरी’ छापायला हवं होतं. २००६ पासून नाशिक जिल्ह्यात शाळांची कामं करतोय. तक्रारींच्या वह्या उघडल्या की संगणकाचा स्वतःचा दोष क्वचितच सापडतो. दोष भिंतीत असतो आणि बोलणी यंत्राला बसतात.

शाळेत गेलं की आधी मल्टिमीटर. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ अशी तीन रीडिंगं. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तरच खोके फोडायचे. जुन्या खोल्यांत तीन भोकांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. अशा वेळी एसएमपीएसच्या (संगणकातला वीजपुरवठ्याचा डबा) फिल्टरमधले कपॅसिटर कॅबिनेटच्या पत्र्यावर पुरवठ्याच्या निम्मा दाब, शे-सव्वाशे व्होल्ट, आणून ठेवतात. मूल अनवाणी, फरशी ओली, हात कॅबिनेटला लागला की चिमटा बसतो. गुरुजींचा फोन येतो, “संगणकात करंट उतरलाय, घेऊन जा.” दुकानात आणून लावला की ठणठणीत.

हे आम्हाला पहिल्या भागीदाराने शिकवलं. आयटीआयचा वायरमन. भांडवलात त्याचा वाटा हत्यारांचा : मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र), इन्सुलेशनचं जाड आवरण असलेली पक्कड, आणि लाकडी पट्टीवर होल्डर ठोकून केलेला २०० वॅटचा टेस्ट लॅम्प. हा दिवा फेज आणि अर्थमध्ये लावला की लख्ख पेटला पाहिजे; मिणमिणला तर अर्थ नावाला आहे. (ही चाचणी वायरमननेच करावी. अर्थ खराब असेल तर तेवढा वेळ त्या लाइनवरचे सगळे पत्रे जिवंत होतात. ईएलसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारी कळ, असेल तर ती लगेच पडते.) अर्थिंगचा पाइप ४० मिलिमीटरचा, जीआय म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा, अडीच मीटर, भोवती कोळसा-मीठ. येवला-नांदगावकडे एप्रिलमध्ये खड्डा कोरडा पडतो, आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतावं लागतं. पेठ-सुरगाण्याला पाण्याची ददात नसते पावसाळ्यात, पण दोन फुटांवर कातळ लागतो. तिथे खोलीजवळचा हट्ट सोडून मातीची जागा शोधायची आणि वायर लांबवायची.

पहिली काही वर्षं बरी गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग बूट आला. केंद्राची शाळांसाठीची आयसीटी (संगणक शिक्षणाची) योजना डिसेंबर २००४ ची. राज्यात ती पुढे टप्प्याटप्प्याने ‘बूट’ पद्धतीने आली. ठेकेदाराने प्रयोगशाळा उभारायची, पाच वर्षं चालवायची, मग शाळेच्या ताब्यात द्यायची. मूळ ठेकेदार परगावचा. जोडणी आणि देखभाल पोटठेक्याने आमच्याकडे. हा बूट आम्हाला असा चावला की अजून लंगडतोय.

रचना कागदावर सुरेख होती. एका संगणकात एनकम्प्युटिंग कंपनीची, एक यंत्र अनेकांना वाटून देणारी दोन एक्स-५५० कार्डं, प्रत्येक कार्डावर पाच जागा, मूळ संगणकाची एक. एकूण ११ मुलं एका यंत्रावर. वीज कमी, खर्च कमी. पण हार्ड डिस्क गेली की ११ पडदे एकदम काळे. प्रयोगशाळा बंद पडल्याचा दंड दिवसावर, आणि तो मूळ ठेकेदाराच्या बिलातून कापला गेला की सरळ आमच्या नावावर. त्यावर उपाय साधा होता : डिस्कची क्लोन कॉपी काढून दुसरी डिस्क त्याच कॅबिनेटमध्ये, वायर न जोडता, स्क्रूने बसवून ठेवायची. फोनवर सांगून गुरुजीही केबल बदलू शकतात.

बुडवलं ते बॅटरीने. मूळ मागणीत छोटे ६०० व्हीएचे यूपीएस होते, आत १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी. ती दहा-पंधरा मिनिटांत काम सेव्ह करून बंद करण्यासाठी असते. इथे भारनियमन तासन्‌तासाचं. बॅटरी रोज तळाला जायची, पुन्हा पूर्ण भरायच्या आत वीज जायची. वर्षाच्या आत प्लेटांवर सल्फेट जमून ती फुगायची. पाच वर्षांच्या ठेक्यात बॅटरीचा दुसरा संच कुणी धरलाच नव्हता. आम्ही उधारीवर आणून घातला. वरून पैसे आले नाहीत. चौथ्या वर्षी मदरबोर्ड जायला लागले, तेव्हा बाजारात येणाऱ्या नव्या बोर्डांवर ही कार्डं बसायची तो साधा पीसीआय स्लॉटच उरला नव्हता. चांगली कार्डं हातात आणि खोचायला जागा नाही. दुकानाचा पुढचा गाळा तेव्हा सोडावा लागला. त्या ठेकेदाराकडची बाकी आजही खतावणीत पहिल्या पानावर आहे, मुद्दाम.

त्यातून जे गणित शिकलो ते देतो. मूळ संगणक १०० वॅट, ११ एलसीडी प्रत्येकी २० वॅट, म्हणजे ३२०, धरा ३५०. १५० एएचच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या म्हणजे २४ व्होल्टवर ३६०० वॅट-तास. त्यातले निम्मेच वापरायचे, इन्व्हर्टरची घट वजा करायची; चार तास नक्की मिळतात. इन्व्हर्टरच्या मागचं बटण ‘यूपीएस’वर हवं, नाहीतर वीज जाताना संगणक रीस्टार्ट होतो. इथेच मेख आहे. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर साधारण १८० व्होल्टच्या खालची वीज घेतच नाही. गावात दुपारी १६५ असते. म्हणजे दिवा लागलेला, पंखा फिरतोय, आणि बॅटरी मात्र गुपचूप उतरतेय. म्हणून इन्व्हर्टरच्या अलीकडे स्टॅबिलायझर, १३० ते २८० व्होल्टचा. आणि त्याच्याही अलीकडे ओव्हर-व्होल्टेज कट-ऑफ, कारण वाऱ्यात न्यूट्रल तुटला की २३० चे ४०० होऊ शकतात आणि एमसीबी ढिम्म राहते. ती जादा प्रवाहावर पडते, जादा दाबावर नाही.

आता किटवाल्यांबद्दल. २२ जून २०१५ ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याची डिजिटल शाळा तोवर सगळ्यांच्या तोंडी होती. गावोगाव लोकवर्गणी सुरू झाली आणि आमच्याच तालुक्यांत एकजण टेम्पो भरून ‘डिजिटल किट’ विकू लागला. त्याच्या भावात आम्हाला माल घाऊकसुद्धा मिळत नव्हता. खोक्यावर ‘३००० ल्युमेन्स’. ते आतल्या एलईडीचं; पडद्यावर पडणारा उजेड एएनएसआय ल्युमेन्समध्ये मोजतात आणि तो त्याच्या काही टक्के असतो. ‘फुल एचडी’ म्हणजे फुल एचडी फाइल चालते एवढंच; आतलं पॅनेल ८०० बाय ४८०. कौलांतून उजेड झिरपणाऱ्या वर्गात मराठीची वेलांटी पहिल्या बाकावरूनही दिसेना. उद्घाटन संध्याकाळी ठेवायचा, हे त्याचं खरं कौशल्य.

किटसोबतच्या पेनड्राइव्हमधला अभ्यासक्रम मदरबोर्डच्या क्रमांकाला बांधलेला. बोर्ड बदलला की परवाना गेला. त्यात २०१७ ला सातवी-नववीची आणि २०१८ ला पहिली, आठवी, दहावीची पुस्तकं बदलली, म्हणजे ‘पाच वर्षांचं कंटेंट’ वर्ष-दोन वर्षांत जुनं. सप्टेंबर २०१७ मध्ये ‘दीक्षा’ हे सरकारचं मोफत अभ्यास-साहित्याचं व्यासपीठ आलं, बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आले, आणि कंटेंट विकण्याचा धंदाच आटला. आमचाही थोडा आटला. त्याचं दुःख नाही. किटवाला आता सोलर पंप विकतो म्हणे. त्याची बंद यंत्रं मात्र लोक आमच्याकडे आणतात आणि “तुमच्या लोकांनी लावलंय” म्हणतात.

मुख्याध्यापकांना, विचारलं नाही तरी, सांगतो. प्रोजेक्टर नको, ४३ इंची एलईडी टीव्ही घ्या. कमी पटाच्या वर्गाला तो पुरतो, दिवा बदलावा लागत नाही. प्रोजेक्टर असेलच तर बटणाने बंद करून पंखा थांबेपर्यंत प्लग काढू नका, तापलेला दिवा तसाच गार झाला की लवकर फुटतो. एचडीएमआय केबल दहा मीटरच्या आत ठेवा. पावसाळ्यात संगणक नुसता बीप करत असेल तर रॅम काढून सोनेरी पट्टी खोडरबरने घासा, दहातले सहा तिथेच सुरू होतात. जुन्या प्रश्नपत्रिका डीव्हीबी किंवा श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये असतील तर आत्ताच युनिकोडमध्ये आणा. त्या फॉन्टची सीडी हरवली की सगळं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं. वायर केसिंग-कॅपिंगमधून न्या. उंदराला पीव्हीसी आवडतं.

सुरगाणा तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेच्या बाईंनी किट घेतलं नाही. टेम्पो दारात उभा असताना त्यांनी विचारलं, “अर्थिंगचं कोण बघणार?” टेम्पो गेला. त्यांच्याकडे एक वही आहे : तारीख, वेळ, व्होल्ट, काय चालू होतं, काय झालं. सकाळी, मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटताना, स्टॅबिलायझरच्या काट्यावरून. त्या वहीवरूनच कळलं की टीव्ही शनिवारीच बंद पडतो, कारण शनिवारी सकाळची शाळा आणि त्या वेळी गावातली पिठाची गिरणी चालू असते. शाळा वेगळ्या फेजवर घेतली, प्रश्न मिटला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावरही बाई दर पंधरवड्याला कुलूप उघडून बॅटरी चार्ज करत आणि डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघत. इतर कित्येक शाळांत उघडल्यावर बॅटऱ्या भंगारात गेल्या. तिथली अजून चालू आहे.

वही सातवी चाललीय. परवा बाईंनी पानाचा फोटो पाठवला : “दु. १.४०, १६८ व्होल्ट, स्टॅबिलायझर सारखा टकटक करतो.” रिलेचे पॉइंट जळालेत. रविवारी जायचंय, १२ व्होल्टचे दोन रिले आणि सोल्डरिंग गन पिशवीत टाकून ठेवलीय.