तीन मिनिटं, कागदाशिवाय

आमच्या स्काऊट-गाईड पथकाचा वार्षिक मेळावा २२ फेब्रुवारीला लागून येणाऱ्या रविवारी असतो. स्काऊटिंगचे संस्थापक रॉबर्ट बेडन-पॉवेल आणि त्यांच्या पत्नी ऑलेव्ह बेडन-पॉवेल या दोघांचाही २२ फेब्रुवारी हा वाढदिवस. जगभरच्या गाईड १९२६ पासून तो दिवस चिंतन दिन म्हणून पाळतात, आणि १९३२ पासून त्या दिवशी दूरदेशच्या मैत्रिणींसाठी निदान एक पेनी तरी बाजूला काढण्याची पद्धत पडली. आमच्या मेळाव्यात जे काही जमतं ते सगळं सुट्टीतल्या शिबिराला जातं.

ध्वजवंदन, प्रार्थना, स्वागत, पाहुण्यांची ओळख. दरवर्षी होतं आणि नीट होतं. त्याबद्दल आणखी लिहीत नाही.

अहवालात मात्र एक जागा आहे, तिथे मी कान टवकारते. खजिनदारताई जमाखर्च वाचतात. शेवटी तूट येते. ती आली नाही असं एकही वर्ष मला आठवत नाही. मग ताई चष्मा काढून हातात धरतात आणि १९०७ सालच्या, इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावरच्या शिबिराचा हिशोब सांगतात. स्काऊटिंगचं ते पहिलंवहिलं शिबिर, वीसेक मुलांचं. बड्या शाळांतल्या मुलांना फी १ पौंड, बाकीच्यांना साडेतीन शिलिंग, म्हणजे जेमतेम सहावा हिस्सा. आणि संघ पाडताना दोन्हीकडची मुलं मुद्दाम एकत्र घातलेली. खर्च आला ५५ पौंड २ शिलिंग ८ पेन्स. शेवटी २४ पौंडांहून थोडी जास्त तूट राहिली. ती सॅक्सन नोबल या एका पालकांनी भरून काढली. त्यांची दोन मुलं त्या शिबिरात होती. "तेव्हाही कुणाला तरी पुढे यावं लागलं होतं," एवढं म्हणून ताई खाली बसतात. मी हे कितीदा तरी ऐकलंय. तरी त्या बसल्या की माझा हात पर्सकडे जातो.

दोन दरांची ती फी आम्हीही ठेवली आहे. कुठल्या मुलाने किती भरले हे एकट्या ताईंना ठाऊक असतं. ती वही त्या मलाही दाखवत नाहीत, मी सचिव असून. पहिल्या वर्षी मला त्याचा राग आला होता. मग शिबिरात मुलांच्या पाठीवरच्या पिशव्या बघत फिरताना लक्षात आलं, मला माहीत असतं तर मी नक्कीच कुणाकडे तरी वेगळ्या नजरेने पाहिलं असतं.

त्यानंतर येतात ती तीन मिनिटं. आमच्या सरांनी घालून दिलेला नियम आहे: मागच्या शिबिरात पहिल्यांदाच आलेल्या एका मुलाने किंवा मुलीने बोलायचं, हातात कागद नको, आणि काय बोलणार ते आधी कुणी ऐकायचं नाही. सरांचा हा हट्ट समितीला कधीच पूर्णपणे पटलेला नाही.

एका मुलीने रात्रीच्या पहाऱ्याबद्दल सांगितलं होतं. दोन ते तीनची पाळी. जोडीला मैत्रीण होती, तिला डुलकी लागली. "मी तिला उठवलं नाही. मग मी एकटीच जागी होते. सगळे तंबू झोपले होते. मला भीती वाटत होती, पण मला वाटलं, आत्ता ही सगळी माझी माणसं आहेत." आणि ती थांबली. वेळ बराच उरला होता, पण तिचं सांगून झालं होतं. सर त्या रात्री पलीकडच्या झाडाखाली जागेच होते. हे त्यांनी मला नंतर सांगितलं, तिला कधीच सांगितलं नाही.

आणखी एका वर्षी एका मुलाने पाहुण्यांसमोर सरळ सांगून टाकलं की तंबू गळत होता. धाकट्यांना मधे घेतलं, मोठे कडेला बसले, अंथरुणं गुंडाळून मांडीवर धरली आणि उजाडेपर्यंत भेंड्या खेळले. व्यासपीठावर चुळबुळ झाली. अध्यक्षांनी सरांकडे पाहिलं. सर मुलाकडे पाहत राहिले. त्या वर्षी आम्हाला सगळे तंबू बदलता आले.

एकदाच नियम मोडला. समितीतल्या कुणीतरी एका मुलीला भाषण लिहून दिलं. तिने ते पाठ करून बिनचूक म्हटलं, टाळ्याही पडल्या. मला त्या पोरीबद्दल अजून वाईट वाटतं. तिच्याजवळ सांगायला काहीतरी असणारच, आणि ते तिच्याजवळच राहिलं.

निधी कशावर खर्च करायचा यावर दरवर्षी वाद होतो, आणि मी तो हिरिरीने घालते. तंबू द्यायला माणसं तयार असतात; तंबू दिसतो, फोटोत येतो. दोरासाठी कुणी देत नाही. पण दोर बाहेरून धडधाकट दिसत असला तरी पीळ उकलला की आतले तंतू कुजलेले निघू शकतात, आणि त्याच दोराच्या पुलावरून पोरं जाणार असतात. शौचालयाचंही तेच. मी गाईड असताना शिबिरात आम्ही मुली दिवसभर पाणी प्यायचं टाळायचो, कारण शौचालय लांब होतं आणि दाराला आतून कडी नव्हती. दुपारी डोकं दुखायचं; सगळ्यांना वाटायचं ऊन लागलं. आता तंबूंपासून हाकेच्या अंतरावर चार शौचालयं आहेत, दिवा आहे, कडी आहे. त्यातल्या एकाला उतार आणि रुंद दार आहे, म्हणून चाकाच्या खुर्चीतला एक मुलगा गेली दोन वर्षं शिबिराला येतो. आमच्या सगळ्या कामात मला याचा सर्वांत जास्त अभिमान वाटतो.

पथकाच्या ताई-दादांच्या प्रशिक्षणासाठी पैसे मागितले की कपाळाला आठ्या पडतात. तेव्हा सर लंडनजवळच्या गिलवेल पार्क या स्काऊट तळाचं उदाहरण देतात. लंडनच्या पूर्व भागातल्या मुलांना तंबू ठोकायला चांगली जागा नाही हे पाहून १९१९ साली मॅक्लॅरन या स्काऊट आयुक्तांनी ती जागा घेण्यासाठी ७,००० पौंड दिले. त्याच वर्षी तिथे मोठ्यांसाठी पहिलं वुड बॅज प्रशिक्षण, म्हणजे पथक चालवणाऱ्यांचं प्रशिक्षण, झालं. जागा मुलांसाठी घेतली आणि शिकायला आधी मोठे बसले, असं सर म्हणतात. मागच्या वर्षी आमचे सहा जण प्रथमोपचार शिकून आले, ते सरांच्या या चिकाटीमुळे.

दान द्यायला सगळ्यांत आधी मुलं पुढे येतात. त्यांची खरी कमाई पाकिटात असते: कुणाची बाग साफ केली, कुणाची पुस्तकं लावून दिली, कुणाची सायकल धुतली. ब्रिटनमध्ये १९४९ साली स्काऊटांनी एका शिलिंगला एक काम असा सप्ताह सुरू केला, त्याच जातीचं हे काम. रक्कम किंवा नाव आम्ही पुकारत नाही. ओळीने येतात, पाकीट ठेवतात, स्काऊटांच्या रीतीप्रमाणे डावा हात मिळवतात, जातात.

आणि नेमकं याच वेळी सभागृह निम्मं रिकामं झालेलं असतं. हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण लिहिते. आपल्या मुलाचं गाणं झालं की पालक उठतात. जुने विद्यार्थी फोटो काढून घेतात आणि दारातूनच हात हलवतात. ज्यांनी आमच्याबरोबर त्याच गळक्या तंबूत रात्री काढल्या त्यांनी तरी थांबावं. पैसे नका देऊ, त्या मुलांची रांग तेवढी बघा.

थांबणारे मात्र न चुकता थांबतात. इथे नाव छापायचं नाही ही त्यांचीच अट आहे, म्हणून कामं सांगते. ध्वनिक्षेपकाचे काका, दोन्ही. धाकट्यांनी यंदा वायर रात्रीच ओढून ठेवली. खुर्च्या मांडणारी रोव्हरची, म्हणजे स्काऊटच्या मोठ्या वयोगटातली, मुलं, आणि त्या उचलणारी, कारण ती वेगळी आहेत. पावत्या फाडणाऱ्या तिघी. दाराशी उभ्या राहून प्रत्येक मुलाचा स्कार्फ सरळ करणाऱ्या आजी. दरवर्षी शिबिराला येणाऱ्या डॉक्टरताई. शेकोटीची गाणी बसवणारे गुरुजी, यंदा आजारी असूनही तालमीला आले. हिशोब तपासून देणारे गृहस्थ. शिबिराचं सामान वाहून नेणारे ट्रकवाले दादा आणि त्यांचा मदतनीस. फलक रंगवणारी मुलगी.

आणि एक जण राहिलेच असते. शिबिर संपलं की तंबू ओले येतात आणि तसेच घडी घातले तर काही दिवसांतच बुरशी धरतात. कोठीचे काका ते दोन-तीन दिवस उन्हात पालथे-उलथे करतात, शिवणी तपासतात, मगच घडी घालतात. मेळाव्याला ते कधी आलेले नाहीत. त्या संध्याकाळी ते कोठीत खुंट्या मोजत असतात. यंदा कार्यक्रम संपल्यावर मी तिकडे गेले, तर पहाऱ्याची गोष्ट सांगणारी ती मुलगी, आता चांगली उंच झालेली, त्यांच्यासमोर बसून वाकड्या खुंट्या वेगळ्या काढत होती.