चीनमध्ये चिनी शिकायला नेमकं कुठे जायचं: माझा अनुभव

वर्षभर चीनला राहून मँडरिन शिकायचं हे ठरवायला मला फार वेळ लागला नाही, पण कुठल्या शहरात आणि कुठल्या युनिव्हर्सिटीत हे ठरवताना मात्र डोक्याचा पार भुगा झाला. मी चाकणला एका कंपनीत परचेसमध्ये आहे, आमचे बरेचसे सप्लायर निंगबो आणि तोंगक्वान या चिनी शहरांतले, रोजचं बोलणं वीचॅटवर (तिकडचं व्हॉट्सअॅपच म्हणा) आणि तेही ट्रान्सलेटरच्या भरवशावर. संध्याकाळचे क्लास करून एचएसकेची, म्हणजे चिनी भाषेच्या सरकारी परीक्षेची, तिसरी लेव्हल पास झाले होते, म्हणजे कागदावर ६०० शब्द येत होते, पण समोरचा माणूस फोनवर बोलायला लागला की त्यातला एकही वेळेवर आठवायचा नाही. शेवटी बिनपगारी रजा मंजूर करून घेतली आणि शोधाशोध सुरू केली. घरी पहिला प्रश्न अर्थातच "चीनलाच कशाला?" माझं आजोळ सोलापूरचं, त्यामुळे आजोबांनी "आमचे डॉक्टर कोटणीस १९३८ साली गेले होते की, तेही लढाई चालू असताना" असं म्हणून तो विषय तिथेच मिटवला.

सुरुवात सगळे करतात तशीच, रँकिंग बघून. पेकिंग, त्सिंगहुआ, फुदान वगैरे नावं वाचून भारी वाटतं, पण रँकिंग असतं रिसर्चचं, तुमच्या भाषेच्या वर्गात कोण शिकवणार आणि शेजारी कोण बसणार याचा त्यात काही पत्ता नसतो. बीजिंगची भाषा आणि संस्कृती युनिव्हर्सिटी मात्र खरंच वेगळी, १९६२ मध्ये परदेशी मुलांना चिनी शिकवायला म्हणूनच निघालेली, बाहेर चालणारी कितीतरी पाठ्यपुस्तकं त्यांच्याच प्रेसची. लेव्हल इतक्या असतात की तुम्ही मधेच कुठेतरी अडकलेले असाल तरी तुमच्या मापाचा वर्ग मिळतो. अगदी शून्यापासून सुरू करणाऱ्याला मी अजूनही तेच नाव आधी सांगेन. मला दोन गोष्टी खटकल्या, एक म्हणजे वर्षाची फी २०,००० युआनच्या वर आणि राहणं-खाणं बीजिंगच्या भावाने, आणि दुसरं म्हणजे तिच्याजवळचा तो वूदाओकोउचा एरिया, जिथे परदेशी विद्यार्थी ढिगाने आहेत आणि इंग्लिशवर आरामात वर्ष काढता येतं. मला नेमकं तेच नको होतं.

मधे एका एजंटकडेही जाऊन आले. मुळात एमबीबीएसला मुलं पाठवणारा, भाषेचे कोर्स जोडधंदा म्हणून. त्याने शांघायच्या एका प्रायव्हेट स्कूलचं ब्रोशर पुढे केलं, वन-टू-वन शिकवणी, पाहिजे तेव्हा सुरू करा, सगळं छान छान. मी विचारलं व्हिसा कुठला मिळेल, तर म्हणे "ते बघू आपण नंतर." इथेच मी सावध झाले कारण सगळं घोडं तिथेच अडतं. १८० दिवसांपेक्षा जास्त शिकायचं तर एक्स-१ व्हिसा लागतो, त्याला अॅडमिशन लेटरबरोबर जेडब्ल्यू २०२ नावाचा फॉर्म लागतो, आणि तो फॉर्म परदेशी मुलांना घ्यायची परवानगी असलेल्या संस्थेकडूनच येतो, साध्या प्रायव्हेट क्लासला तो देता येत नाही. काही स्कूल एखाद्या युनिव्हर्सिटीशी टायअप करून जमवतात, पण मग ते लेखी दाखवा ना. त्याने दाखवलं नाही, मी परत गेले नाही.

तैवानचाही विचार केला होता. तिथे भाषा शिकणाऱ्यांसाठी सरकारी स्कॉलरशिप आहे आणि मास्तर लोक उत्तम असं सगळेच सांगतात, पण तिथे जुनी, जास्त रेघांची लिपी आणि माझे सप्लायर लिहिणार सोपी केलेली. ज्याला जुनं साहित्य वाचायचंय त्याने जावं. चीनचीही एक स्कॉलरशिप आहे, आधी तिचं नाव कन्फ्युशियस इन्स्टिट्यूटवरून होतं, त्यात एक सेमिस्टर किंवा एक वर्षाचा भाषेचा पर्याय असतो, पण एचएसकेबरोबर बोलण्याच्या परीक्षेचा स्कोअर आणि एका मान्य संस्थेचं शिफारसपत्र लागतं. माझ्या रजेचं नक्की होईपर्यंत तिची मुदत निघून गेली होती, म्हणून स्वखर्चाने.

आता खरं काम. ब्रोशर बाजूला ठेवून मी प्रत्येक ठिकाणच्या चालू विद्यार्थ्यांना गाठून एकच मागायला लागले, तुमच्या वर्गाच्या टाइमटेबलचा फोटो पाठवा. बाकी "कसं आहे" वगैरे विचारलं की सगळे "चांगलं आहे" म्हणतात, टाइमटेबल खोटं बोलत नाही. त्यातून कळलं की "आठवड्याला २० तास" म्हणतात ते तास ४५ नाहीतर ५० मिनिटांचे, म्हणजे खरे पंधरा-सोळाच. शिवाय त्यात निम्मे तास मुख्य पुस्तकाचे, जिथे शिक्षक बोलतात आणि तुम्ही लिहिता, मग ऐकणं, वाचणं, आणि बोलण्याचे तास कुठे चार तर कुठे आठ. माझा सगळा निर्णय या चार आणि आठमधल्या फरकावर झाला म्हटलं तरी चालेल. दुसरा प्रश्न, वर्गात किती जण आणि कुठले? वीसजणांत बारा एकाच देशाचे असतील तर मधल्या सुट्टीत त्यांची भाषा चालणार आणि तुम्ही कोपऱ्यात चहा पिणार.

शेवटी दक्षिणेकडच्या युन्नान प्रांतातलं कुन्मिंग आणि उत्तरेचं हार्बिन उरले. कुन्मिंगची हवा बाराही महिने सौम्य, फी कमी, पण रस्त्यावर युन्नानी बोली, माझ्यासारख्या अर्धवट कान तयार झालेल्या माणसाला ती त्रासाची. हार्बिन एकदम वर, रशियाच्या बाजूला, थंडी उणे वीस-पंचवीस, पण तिथल्या रिक्षावाल्यापासून, म्हणजे टॅक्सीवाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांची बोली प्रमाण मँडरिनच्या खूप जवळची. वर्गात रशियन बरेच असतात, त्यांच्याशी इंग्लिश फारसं चालत नाही आणि मला रशियन येत नाही, मग काय, तोडकंमोडकं चिनी. मला हेच हवं होतं, म्हणून हार्बिन ठरवलं. आईला थंडीची धास्ती, तर तिला समजावलं की उत्तरेत सरकारी सेंट्रल हीटिंग असतं, हार्बिनला ऑक्टोबरच्या विसाव्या तारखेपासून एप्रिलपर्यंत, खोलीत टी-शर्टवर बसता येतं. खरी थंडी वाजते ती शांघायच्या बाजूला, कारण छिनलिंग डोंगर आणि ह्वाय नदीच्या दक्षिणेला ही सोय नाही, जानेवारीत तिथली मुलं घरात जॅकेट घालून बसतात.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त पिडलं ते मेडिकल फॉर्मने. छातीचा एक्सरे, ईसीजी, एचआयव्ही आणि सिफिलिसची रक्ततपासणी, हे सगळं ठीक, पण फॉर्मवर फोटो चिकटवतात त्यावर हॉस्पिटलचा शिक्का अर्धा फोटोवर अर्धा कागदावर असा पाहिजे. माझ्या डॉक्टरांनी तो नीटनेटका खाली सहीजवळ मारला, मी परत गेले तर रिसेप्शनवरची बाई म्हणते "अहो, मग तुमचा चेहरा खराब दिसेल ना!" आणि रिपोर्ट सहा महिनेच चालतात, तेव्हा फार आधी करून ठेवू नका. दुसरं, नाव. पासपोर्टवर माझ्या नावाला वडिलांचं नाव जोडून आहे, त्यामुळे अॅडमिशनपासून बँक आणि वीचॅटच्या पेमेंटपर्यंत सगळीकडे ते लांबलचक नाव जसंच्या तसं, त्याच क्रमाने लागतं, एका ठिकाणी वडील गळले की पेमेंट चालू होत नाही.

मी २०२४ च्या सप्टेंबर इंटेकला गेले तेव्हा डायरेक्ट विमानं बंदच होती, बँकॉक करून जावं लागलं, ती २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये परत सुरू झाली. पोचल्यावर ३० दिवसांत रेसिडेन्स परमिट करायचं, वर्षाचा इन्शुरन्स ८०० युआन, हे युनिव्हर्सिटीचे ऑफिसवालेच रांगेत उभं करून करून घेतात. खाण्याचं म्हणाल तर मेसमध्ये "दी सान श्येन" मागायचं, बटाटा, वांगं आणि ढोबळी मिरची तळून परतलेली, आपली तेलावरची भाजीच म्हणा, मी त्यावर महिने काढले.

एक गोष्ट मात्र आधी कोणी सांगितली नव्हती. कोणाला कुठल्या लेव्हलच्या वर्गात बसवायचं ते ठरवणारी प्लेसमेंट टेस्ट जवळजवळ सगळी लेखी असते. त्यात कोरियन-जपानी मुलं वर जातात कारण चित्रलिपी त्यांच्या ओळखीची, आणि आपण बोलण्यात बरे असलो तरी खाली. मला अशा वर्गात टाकलं जिथे मी सगळं बोलू शकत होते. मी तीन दिवस बसले आणि ऑफिसच्या बाईंना, तिथे त्यांनाही लाओशी, म्हणजे शिक्षक, म्हणायचं, जाऊन सांगितलं की मला वरच्या वर्गात बसून बघू द्या. पहिल्या दोन आठवड्यांत असं बदलून देतात, फक्त वरच्या वर्गाच्या शिक्षिकेने हो म्हणायला लागतं. तिने मला दोन प्रश्न विचारले, एक परिच्छेद मोठ्याने वाचायला लावला, त्यात चार ठिकाणी अडखळले, तरी घेतलं. "रोज वीस अक्षरं लिहून आणायची" या अटीवर.

आणि मार्चच्या इंटेकला जाणार असाल तर आधी विचारून घ्या की तुमच्या लेव्हलचा वर्ग त्या सेमिस्टरला निघणार आहे का, कारण नवीन वर्ग शक्यतो सप्टेंबरमध्ये सुरू होतात आणि मार्चमध्ये तेच पुढे चालू असतात. माझ्या शेजारच्या खोलीतली मुलगी मार्चमध्ये आली, तिच्या लेव्हलला पुरेशी मुलंच नव्हती म्हणून तिला एक पायरी खाली बसवलं, ते मेलवर आधीच विचारलं असतं तर तिने सरळ सप्टेंबर धरला असता, असं तीच सांगत होती.