शेफ घरी नसताना: पुण्याहून मुंबईला दोन दिवस जेवायला

"पण तो शेफ स्वतः असेल ना तिथे?" आईने हा प्रश्न पुणे स्टेशनवर एकदा विचारला, खंडाळ्याच्या बोगद्यात एकदा आणि दादरला उतरताना पुन्हा एकदा. आम्ही तिघी होतो: मी, आई (वय ७२, गुडघे बरे, कान थोडे कमी) आणि माझी भाची सई. सईला पहिला पगार मिळाला होता आणि आजीला "खऱ्या शेफकडे" जेवायला न्यायचं हे तिने ठरवूनच टाकलं होतं. तिने मेहनतीने शोधलेली नावं आईला तोंडपाठ झाली, पण आईच्या डोक्यात शेफ म्हणजे एकच, संजीव कपूर. १९९३ मध्ये झी टीव्हीवर 'खाना खजाना' सुरू झाला तेव्हापासूनची तिची वही आहे. हिंदीत ऐकायचं आणि मराठीत उतरवायचं. ती "जिरं १ चमचा" लिहीपर्यंत तिकडे फोडणी होऊन गेलेली असायची. त्यामुळे वहीतल्या निम्म्या कृती अर्ध्यावर थांबलेल्या आहेत आणि उरलेलं आईने स्वतःच्या मनाने पुरं केलंय.

मुंबईला जायच्या आधी गावातच एक सराव केला. तुमच्याबरोबर वयस्कर माणूस असेल तर तुम्हीही करा. म्हात्रे पुलाजवळच्या 'विष्णुजी की रसोई'त गेलो. विष्णू मनोहर नागपूरचे, मराठी टीव्हीवरचा ओळखीचा चेहरा. २०१७ साली त्यांनी नागपुरात सलग पन्नास तासांहून जास्त स्वयंपाक करून विक्रम केला होता. आईचं माहेर अमरावतीचं, त्यामुळे वऱ्हाडी जेवणाची परीक्षा ती नाकाने घेते. पाटवडीचा रस्सा तिने दोनदा घेतला, म्हणजे पास. मला तिथे वेगळीच गोष्ट कळली. आई खूश होती ती पदार्थ समोर दिसत होते म्हणून. वाचून काही मागवायचं नव्हतं, वाट बघायची नव्हती, कोणी येऊन भाषण देत नव्हतं. मुंबईत नेमकं याच्या उलट होणार होतं.

आता जाण्याचं. शनिवारची डेक्कन क्वीन, पुण्याहून सकाळी सव्वासात. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि शनिवारच्या जागा लवकर जातात, तेव्हा आधी तिकीट काढा आणि मग टेबल बुक करा. आमच्या सईने उलटं केलं आणि आठवडाभर वेटिंग लिस्टकडे बघत बसली. १९३० पासून धावणाऱ्या या गाडीला आजही डायनिंग कार आहे. तिथे बसून ऑम्लेट आणि चीज टोस्ट खाणं हा पुणेकराचा जन्मसिद्ध हक्क असला, तरी बाराला मोठं जेवण असेल तर मोह आवरा. आम्ही आवरला नाही. दादरला उतरलो, हिंदू कॉलनीत मामेबहिणीकडे बॅगा टाकल्या आणि पश्चिम रेल्वेने लोअर परळ गाठलं.

दुपारचं जेवण कमला मिल्समधल्या 'द बॉम्बे कॅन्टीन'मध्ये. टेबल बाराचंच घ्या. दीडनंतर गर्दी वाढते, आणि संगीताचा आवाजही. बुकिंग करतानाच "ज्येष्ठ नागरिक आहेत, स्पीकरपासून लांब बसवा" असं लिहा. आम्ही लिहिलं होतं, त्यांनी बसवलं.

इथे आईच्या प्रश्नाचं उत्तर द्यायची वेळ आली. २०१५ मध्ये हे हॉटेल उघडलं तेव्हा त्यामागचं मोठं नाव होतं फ्लॉइड कार्डोझ. जन्म मुंबईचा, नाव न्यूयॉर्कमध्ये झालं. २०११ साली 'टॉप शेफ मास्टर्स' ही अमेरिकी स्पर्धा त्यांनी जिंकली, आणि अंतिम फेरीत केला होता काय, तर उपमा. मशरूम घातलेला, कोकम आणि नारळाचं दूध वापरलेला, पण उपमाच. बक्षीस एक लाख डॉलर.

"उपम्याला?" आई म्हणाली. "मग मी पन्नास वर्षं काय करत होते?"

कार्डोझ २५ मार्च २०२० रोजी न्यू जर्सीत कोविडने गेले. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आज कोणीच नाही." तसं नव्हतं. त्यांच्या हाताखाली तयार झालेले हुसेन शहजाद आता तिथलं स्वयंपाकघर बघतात. पण त्या दिवशी आमच्या ताटातलं त्यांनी केलं की आणखी कोणी, हे आम्हाला कळायचा मार्ग नव्हता. खरं सांगायचं तर फरकही पडला नाही.

बार्ली-ज्वारीचं सॅलड मागवलं. ज्वारी भाकरीशिवायही खातात हे आईने मान्य केलं, नाइलाजाने. एग्ज केजरीवाल मात्र तिला फार आवडलं. टोस्टवर चीज, हिरवी मिरची आणि वर अंडं. मुंबईच्या विलिंग्डन क्लबात केजरीवाल नावाचे सभासद होते, त्यांच्यामुळे या पदार्थाला ते नाव पडलं. गोडाला सईने 'गुलाब नट' मागवलं, म्हणजे गुलाबजाम आणि डोनट यांचं लग्न. आईने अर्ध्याहून जास्त संपवलं आणि पाकाला वास कसला येतोय म्हणून विचारलं. सई खरं बोलणारी मुलगी आहे. "ओल्ड मंक आहे, आजी." आईने चमचा खाली ठेवला, आमच्याकडे बघितलं आणि परत उचलला. "खोकल्याच्या औषधात नसते का?" तुमच्याबरोबरचं माणूस इतकं उदार नसेल तर आधी विचारून घ्या. गोड पदार्थांतसुद्धा दारू असते, आणि मेनूत ते बारीक अक्षरात असतं.

रात्रीच्या जागेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रार आहे. ती निवडताना आम्ही जो घोळ घातला तो मात्र सांगते. सईला "मिशेलिन स्टारवाला" शेफ हवा होता. मिशेलिन म्हणजे रेस्टॉरंटांना स्टार देणारी फ्रेंच गाइड, आणि ती भारतात येतच नाही. त्यामुळे इथल्या पाटीवर मिशेलिन दिसलं, तर तो स्टार त्या शेफच्या परदेशातल्या कुठल्या तरी हॉटेलचा असतो. दुबईच्या 'ट्रेसिंड स्टुडिओ'ला २०२५ मध्ये तीन स्टार मिळाले, तीन स्टार मिळवणारं ते पहिलं भारतीय रेस्टॉरंट. वांद्रे-कुर्ला संकुलातलं 'ट्रेसिंड' त्याचं भावंड आहे, पण धाकट्याच्या गुणपत्रिकेवर थोरल्याचे मार्क येत नाहीत. दुसरा घोळ जुन्या माहितीचा. महालक्ष्मीच्या 'मास्क' या रेस्टॉरंटबद्दल वाचाल तर अजून शेफ प्रतीक साधूंचं नाव सापडेल. ते २०२२ मध्येच बाहेर पडले आणि कसौलीजवळ 'नार' सुरू केलं. 'मास्क'चं स्वयंपाकघर आता वरुण तोतलानी सांभाळतात, आणि उत्तम सांभाळतात अशी ख्याती आहे. तेव्हा बुकिंगच्या आधी हॉटेलला सरळ फोन करून विचारा की सध्या मुख्य शेफ कोण आहे. यात लाजण्यासारखं काही नाही. आपण डॉक्टरकडे नाही का विचारत, आज मोठे डॉक्टर आहेत की असिस्टंट?

तर आमची जागा: नऊ कोर्सचं ठरावीक जेवण, माणशी साडेपाच हजार आणि वर कर, पैसे आगाऊ, परत मिळणार नाहीत. वेळ संध्याकाळी सातची. पंधरा मिनिटं वाट बघू, असं मेलमध्ये लिहिलेलं. आम्ही टॅक्सी केली, तीही शनिवारी संध्याकाळी, दादरहून दक्षिणेकडे. वीस मिनिटं उशीर झाला. ठरलेलं खिडकीजवळचं टेबल दुसऱ्यांना देऊन टाकलेलं, आम्हाला स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराशेजारी बसवलं, आणि "स्लॉट" साडेनऊलाच संपेल हे दोनदा ऐकवलं. चूक आमचीही होती. पण पंधराचे वीस झाले तर साठी-सत्तरीच्या माणसाला दाराच्या वाऱ्यात बसवायचं, हे मला पटलं नाही. भिंतीवर शेफचा हसरा फोटो, स्वतः शेफ परदेशात. आई फोटोकडे बघून म्हणाली, "दर्शन झालं."

पहिले तीन कोर्स अवघडच गेले. प्रत्येक ताटलीबरोबर एक मुलगा येऊन इंग्रजीत भराभर पाठ म्हणून जायचा. तिसऱ्याला मी त्याला मराठीत सांगायला सांगितलं. तो नाशिकचा निघाला, एकदम मोकळा झाला, आणि मग जेवणाला चव आली. हे आधीच सांगायला हवं होतं. घास एवढे लहान की पोट भरणार नाही असं वाटतं, पण सहाव्या कोर्सला आईने हात टेकले. दुपारी जड जेवून रात्री असं जेवण ठेवू नका. आम्ही तेच केलं होतं. एसी कडक असतो, जानेवारीतही. शाल न्या.

पण त्या झुलत्या दारानेच आमची संध्याकाळ वाचवली. दार उघडलं की आतलं दिसायचं, आणि आईचं निम्मं लक्ष तिकडे. दहा-बारा मुलं-मुली, बहुतेक पंचविशीच्या आतली. कोणी चिमट्याने पानं लावतंय, कोणी तवा घासतंय, आणि आवाज जवळजवळ नाहीच. "आपल्याकडे चार बायका असल्या की याच्या दुप्पट गोंधळ," आई म्हणाली. मग मधेच, तोंड स्वच्छ करायला म्हणून, लाल रंगाचं सॉर्बे (दुधाशिवायचं, रसाचं आइस्क्रीम) आलं, चमचाभर. नाशिकच्या मुलाने 'रोझेल' म्हणून सांगितलं. आईने चाखलं आणि म्हणाली, "कसलं रोझेल. अंबाडीची बोंडं आहेत ही."

तो आत गेला आणि ज्याने ते केलं होतं त्याला घेऊन आला. हडकुळा, हातावर भाजल्याचे डाग, हसावं की घाबरावं अशा बेतात.

"मावशी, तुम्ही कुठच्या?"

"अमरावतीची."

"मीबी तिकडचाच. अचलपूर."

दोन मिनिटं उभा राहिला असेल. बोंडं गावाहून मागवतो, बिया काढून टाकायच्या, उकळायची नाहीत, गरम पाण्यात झाकून ठेवायची, म्हणजे रंग राहतो. आईने पर्समधून पेन काढलं. तेवढ्यात आतून हाक आली आणि तो गेला. साखरेचं विचारायचं राहिलं.

बिलाबद्दल दोन शब्द. साध्या रेस्टॉरंटमध्ये जेवणावर जीएसटी ५ टक्के असतो. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं ७,५०० रुपयांच्या वर आहे, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के. म्हणजे पंचतारांकित हॉटेलातल्या नामवंत शेफकडे जाताना हिशेब वेगळा. दारू जीएसटीत येत नाही, तिच्यावर वेगळा व्हॅट लागतो. आणि सर्व्हिस चार्ज कर नव्हे. तो आपोआप लावता येत नाही असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. आमच्या बिलात तो दहा टक्के होता. काढायला सांगितलं, एकदा ऐकू आलं नाही, दुसऱ्यांदा आलं. मग त्या दोन मुलांच्या हातात आम्ही आमच्या मनाने पैसे ठेवले. पाणीही बघा. "स्टिल की स्पार्कलिंग" विचारतात, त्यात तिसरा पर्याय असतो: साधं पाणी. तो मोठ्याने मागावा लागतो.

रविवारी फार काही केलं नाही. भायखळ्याच्या 'बॉम्बे स्वीट शॉप'मध्ये गेलो. ते बॉम्बे कॅन्टीनवाल्यांचंच, २०२० मध्ये सुरू झालेलं. आईचा निकाल: खोके सुंदर, मिठाई चांगली, भाव खोक्याचा. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक कुठे आहे ते शनिवारी रात्रीच बघून ठेवा. सीएसएमटीहून डेक्कन क्वीन संध्याकाळी पाच दहाला सुटते आणि ती तुमच्यासाठी पंधरा मिनिटंसुद्धा थांबत नाही.

कर्जतनंतर आईने वही काढली. "अंबाडीचं सरबत (बर्फाचं)" असा मथळा लिहिला, कृती लिहिली, साखरेच्या जागी रेघ मारून ठेवली. वहीत प्रत्येक कृतीखाली ती ज्याची त्याचं नाव लिहिते. सईने त्या मोठ्या शेफचं नाव सांगितलं, स्पेलिंगसकट. आईने ऐकून घेतलं आणि लिहिलं, "अचलपूरचा मुलगा."

साडेआठच्या सुमारास पुण्यात उतरलो. सहकारनगर म्हटल्यावर तीन रिक्षावाल्यांनी मान हलवली. मेट्रोने डिस्ट्रिक्ट कोर्टला (आधीचं सिव्हिल कोर्ट) गाडी बदलून स्वारगेटपर्यंत या, तिथून पुढे रिक्षा मिळते.