जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळवताना

सांगलीत जीएनएम (परिचर्येची पदविका) करून काही वर्षे रुग्णालयात काम केल्यावर मी जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यातल्या एका वृद्धसेवा केंद्रात रुजू झाले. जर्मनीत २०२३ च्या अखेरीस शुश्रूषेची गरज असलेल्यांची संख्या सुमारे ५७ लाख होती आणि २०४९ पर्यंत २ लाख ८० हजार ते ६ लाख ९० हजार परिचारक कमी पडतील, असा तेथील सांख्यिकी कार्यालयाचा अंदाज आहे. इतकी निकड असूनही, महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी हाती असताना मला सुरुवातीला मदतनीस म्हणूनच काम करावे लागले. कारण रुग्णाची गरज ठरवणे, शुश्रूषेचे नियोजन आणि मूल्यमापन ही कामे २०२० पासून लागू असलेल्या कायद्याने केवळ जर्मनीत मान्यता मिळालेल्या परिचारिकांसाठी राखीव आहेत.

मान्यता देणारे कार्यालय आपल्या अभ्यासक्रमाचे विषय आणि तास तेथील शिक्षणाशी ताडून पाहते. माझ्या बाबतीत वृद्धांच्या दीर्घकालीन शुश्रूषेचा प्रत्यक्ष अनुभव कमी ठरला, आणि तो निर्णय मला न्याय्यच वाटतो. आपल्याकडे रुग्णाला अंघोळ घालणे, भरवणे हे नातेवाईक किंवा मावशी करतात. तेथे ते परिचारिकेचे काम आहे, कारण सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची खूण असलेली त्वचेवरची पहिली लाली किंवा गिळताना लागणारा ठसका त्याच वेळी लक्षात येतो.

ही उणीव भरून काढण्यासाठी परीक्षा किंवा अनुकूलन प्रशिक्षण असे दोन मार्ग होते. मी प्रशिक्षण निवडले. त्यात अनुभवी मार्गदर्शिकेसोबत काम करायचे असते, परंतु कोणी सहकारी आजारी पडली की तिलाच दुसऱ्या मजल्यावर जावे लागे आणि माझे शिकणे थांबे. नवी परिचारिका तयार व्हायची तर जुनीला सवड हवी, आणि टंचाईत नेमकी तीच नसते. हे भरती करणाऱ्यांनी मनावर घ्यायला हवे, असे मला कळकळीने वाटते. भाषेचेही तसेच: मान्यतेला लागणारी जर्मन भाषेची बी-२ पातळी गाठूनही स्मृतिभ्रंश झालेल्या आजींची श्वाबियन ही तिथली स्थानिक बोली मला हळूहळूच उमगली.

येऊ इच्छिणाऱ्या भगिनींनी विषयवार आणि वॉर्डनिहाय तासांचे प्रमाणपत्र भारतातून निघण्यापूर्वीच महाविद्यालयाकडून घ्यावे, आणि प्रशिक्षणाच्या काळात मार्गदर्शिकेसाठी किती तास राखून ठेवले आहेत, हे करारावर सही करण्याआधी लेखी विचारावे.