आहंगामात महिन्याच्या बोलीवर घर घेताय? आधी मीटर बघा

श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर वेलिगामा-मिडिगामा-आहंगामा या पट्ट्यात सर्फिंगसाठी मुक्काम ठोकणार असाल, तर भाड्याच्या घासाघिशीत दम घालवू नका. खिसा कापला जातो तो विजेत.

'वीज वेगळी, वापराल तेवढी द्या,' एवढंच आमच्या घरमालकाने सांगितलं होतं. महिनाअखेरीस वहीच्या फाडलेल्या पानावर पेनाने लिहिलेली एक रक्कम हातात आली. खरं बिल दाखवायला तो तयारच नव्हता. पिच्छा पुरवला तेव्हा कळलं, की आमची खोली, शेजारच्या खोल्या, मालकाचं घर आणि पाण्याचा पंप सगळं एकाच मीटरवर. तिथे घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. सगळ्यांचा वापर एकत्र झाला की बिल वरच्या टप्प्यात जातं, आणि आमचे सगळे युनिट त्याच सर्वांत महाग दराने लावले होते. खालच्या टप्प्यांचा स्वस्त दर मालकाच्या वाट्याला. ही सरळसरळ लूट आहे, अजून डोक्यातून जात नाही.

म्हणून स्वतंत्र मीटर, निदान सबमीटर (फक्त तुमच्या खोलीचा वापर मोजणारा पोटमीटर) असेल तरच घर घ्या. चावी घेताना मालकासमोर मीटरवरच्या आकड्याचा फोटो काढा आणि युनिटचा दर मेसेजवर लिहून घ्या. आढेवेढे घेतले तर दुसरं घर बघा, भरपूर आहेत. समोरासमोर खिडक्या असलेल्या खोलीत पंख्यावर भागतं, एसी लागतच नाही.

दुसरं, लांबचा करार. इथला मोसम नोव्हेंबर ते एप्रिल. मे महिन्यात नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की समुद्र खवळतो आणि सर्फर पूर्वेला अरुगम बेकडे निघतात. तेव्हा फेब्रुवारीत सहा महिन्यांसाठी एकच भाडं अजिबात कबूल करू नका. मेपासूनचं वेगळं ठरवा. ईटीए, म्हणजे श्रीलंकेत येण्याची ऑनलाइन परवानगी, सुरुवातीला 30 दिवसांचीच मिळते, मुदतवाढ हातात येईपर्यंत एका महिन्यापलीकडचे पैसे देऊ नका.

लाटांबद्दल काय सांगू, मन भरत नाही! शिकाऊंनी वेलिगामातच राहावं, तळाशी वाळू आहे. मिडिगामाला रीफ आहे, म्हणजे पाण्याखाली खडक.

घर मात्र गॉल-मातारा रस्त्याला लागून नको. बसचे हॉर्न पहाटेपासून सुरू होतात. रेल्वेरुळांपलीकडे, भातशेतीच्या बाजूला बघा. डास आहेत, मच्छरदाणी लावा. झोप तरी मिळते.