चढावर दम टाकणारी डिझेल गाडी आणि चोंदलेला फिल्टर : माझा अनुभव

गाडी कॉमन रेल डिझेल, १.३ लिटरची. म्हणजे पंप डिझेल मोठ्या दाबाने एका सामाईक नळीत (रेल) भरतो आणि तिथून इंजेक्टर ते इंजिनात फवारतात. शहरात काहीच तक्रार नव्हती. अर्ध्या सेल्फला स्टार्ट व्हायची, आयडलिंगही सरळ. पण खंबाटकीच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की अडीच हजार आरपीएमच्या आसपास ओढ एकदम जायची. पाय सैल केला की पुन्हा ठीक. जास्तच रेटलं तर चेक इंजिनचा दिवा लागायचा आणि गाडी लिंप मोडमध्ये जायची, म्हणजे इंजिन वाचवायला ताकद मुद्दाम कमी व्हायची. बंद करून पुन्हा चालू केली की पिकअप परत.

फक्त भाराखालीच त्रास का, हे समजलं की निम्मं निदान झालंच. आयडलिंगला इंजिनाला डिझेल अगदी थोडं लागतं, तेवढं फिल्टरच्या चोंदलेल्या कागदातूनही झिरपतं. चढाला मागणी कितीतरी पटींनी वाढते. फिल्टर तेवढं सोडत नाही, हाय प्रेशर पंपाच्या तोंडाशी तुटवडा पडतो आणि रेलमधला दाब मागणीच्या खाली जातो. फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) ताकद कापतो.

पण हीच लक्षणं टर्बोचा होज (इंजिनाला दाबाची हवा नेणारा पाइप) फाटला किंवा आत येणारी हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर बिघडला तरी दिसतात, म्हणून थेट फिल्टर बदलायला धावलो नाही. आधी धूर पाहिला. हवा कमी पडत असेल तर गाडी सहसा काळा धूर ओकते. डिझेलच कमी पडत असेल तर ओढ जाते, पण धूर नसतो. माझ्या गाडीला धूर नव्हता.

मग ईसीयूने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारा ब्लूटूथ स्कॅनर लावला. कोड मिळाला पी००८७, म्हणजे रेलचा दाब कमी. कोडवर थांबू नका. तो इंजेक्टर जास्त डिझेल परत सोडत असतील किंवा पंप झिजला असेल तरी येतो. चढाला शेजारी बसलेल्याला मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब हे दोन आकडे वाचायला सांगितले. आयडलिंगला दोन्ही २८० बारच्या आसपास, जुळणारे. पूर्ण भाराला मागणी १२०० बार आणि प्रत्यक्षात जेमतेम ८००. टाकीचं झाकण सैल करूनही फरक पडला नाही, म्हणजे टाकीचा श्वास, तिच्यात हवा यायची वाट, कोंडलेला नव्हता. स्वस्तातली शंका आधी फेडायची, म्हणून फिल्टर.

काम थंड इंजिनावर केलं. फिल्टरच्या आजूबाजूची धूळ आधी ब्रश आणि कपड्याने पूर्ण पुसली, कारण पाइप निघाल्यावर आत पडलेला कण थेट पंपात जाऊ शकतो. खाली जुना कपडा अंथरला. डिझेल रबरी होजवर आणि अल्टरनेटरवर सांडू देऊ नये. ड्रेन प्लग सैल करून तळाचं डिझेल काचेच्या बरणीत घेतलं. थोड्या वेळाने बोटभर पाणी खाली बसलं, आणि पाणी व डिझेल यांच्या मध्ये काळपट चिकट थर. पाण्याच्या कडेला डिझेलमध्ये जंतू वाढतात, हा त्यांचा गाळ. कागद धुळीपेक्षा अशा गाळाने लवकर बुजतो. रिकाम्या टाकीतल्या दमट हवेचं पाणी होतं, पावसाळ्यात टाकी फार रिकामी न ठेवणं बरं, ते याचसाठी.

पाइपांच्या प्लास्टिक क्लिपा दाबूनच काढायच्या, स्क्रूड्रायव्हरने उचकटल्या की तुटतात. कुठला पाइप कुठे होता त्याचा फोटो घेतला. पाण्याचा सेन्सर जुन्या फिल्टरवरून नव्यावर घ्यायचा असतो. त्याची ओ-रिंग (सांधा बंद करणारी रबरी कडी) नवी, स्वच्छ डिझेलचं बोट फिरवलेली, आणि घट्टपणा हाताचाच. तिथे पाना लावला तर प्लास्टिकचे आटे जातात. फिल्टरवरच्या बाणाची दिशा टाकीकडून इंजिनाकडे.

नवा फिल्टर कॅनमधल्या डिझेलने भरून बसवा, असं बरेच मिस्त्री सांगतात. मी तसं करत नाही. बाहेर जाणाऱ्या तोंडातून ओतलेलं डिझेल न गाळताच पंपात जातं. त्याऐवजी एअर काढण्याचा स्क्रू सैल करून रबरी हँडपंप दाबत राहिलो. आधी बुडबुडे, मग फेस, मग सलग धार आली, तेव्हा स्क्रू बंद केला आणि हँडपंप कडक होईपर्यंत दाबला. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर सेल्फ न मारता चावी नुसती ऑन करून काही सेकंद थांबायचं, आणि हे पाच-सहा वेळा करायचं.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. पंपाला वंगण डिझेलचंच, तो कोरडा फिरवला की झिजतो. जुन्या गाड्यांसारखे इंजेक्टरचे पाइप सैल करून एअर काढायचा मोह तर मुळीच नको. त्या दाबाची बारीक धार कातडीत घुसते आणि प्रकरण थेट शस्त्रक्रियेपर्यंत जातं.

कोड पुसून पुन्हा त्याच चढाला आकडे पाहिले. मागणी आणि प्रत्यक्ष दाब आता वीस-तीस बारच्या फरकात एकमेकांबरोबर चढत होते. तसं झालं नसतं तर पुढची पायरी इंजेक्टरची रिटर्न टेस्ट, म्हणजे प्रत्येक इंजेक्टर किती डिझेल परत सोडतो ते मोजणं.

खरी परीक्षा रात्रभर उभ्या गाडीची. माझ्या गाडीत पंप डिझेल ओढून घेतो, त्यामुळे सांधा सैल राहिला तर बाहेर थेंब दिसेलच असं नाही, हवा आत जाते आणि डिझेल टाकीकडे उतरतं. सकाळी सेल्फ लांबला किंवा स्टार्ट होऊन लगेच बंद पडली, तर पहिला संशय ओ-रिंगवर घ्या आणि क्लिपा एकेक ओढून पाहा.